न्यूकॅसल: जहाजं रिकामी येतात ते शहर

कोळशाच्या जागतिक भावाची बातमी आली की ‘न्यूकॅसल’ हे नाव हमखास येतं. न्यूकॅसलचा दर वाढला, न्यूकॅसल घसरलं, असं. हे इंग्लंडमधलं न्यूकॅसल नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, सिडनीच्या उत्तरेला साधारण १६० किलोमीटरवर हंटर नदी समुद्राला मिळते, तिथलं हे शहर. वर्षाला १५ कोटी टनांच्या आसपास कोळसा या एका नदीमुखातून बाहेर पडतो. कोळसा निर्यात करणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या बंदरांत त्याची गणना होते. म्हणूनच ‘न्यूकॅसल दर’ हा आशियातल्या औष्णिक कोळशाचा मापदंड ठरला आहे. एका किलोत ६,००० किलोकॅलरी उष्णता देणारा कोळसा, न्यूकॅसलच्या धक्क्यावर जहाजात चढवून दिलेला, भाडं वेगळं. अशा एक टनाचा तो भाव. २०२०च्या मध्यात तो ५० डॉलरच्या आसपास होता. युक्रेन युद्धानंतर, २०२२मध्ये, ४०० डॉलरच्या वर गेला.

आपल्याकडे होणारा एक घोळ इथेच मिटवून टाकू. अदानींची गाजलेली कारमायकल खाण न्यूकॅसलच्या मागे नाही. ती उत्तरेला क्वीन्सलंड राज्यात आहे आणि तिचा कोळसा ॲबट पॉइंट बंदरातून जातो. भारतातल्या पोलाद कारखान्यांना लागणारा ऑस्ट्रेलियन कोकिंग कोळसाही मुख्यतः क्वीन्सलंडचाच. न्यूकॅसलचा बहुतेक माल वीजनिर्मितीचा असतो आणि जपान, तैवान, दक्षिण कोरिया, चीन हे त्याचे मोठे गिऱ्हाईक.

या शहराबद्दलचं लिखाण सहसा खाणींपासून सुरू होतं. पण आज शहरात चालू खाण नाही. कोळसा वरच्या खोऱ्यातून, सिंगलटन आणि मसलब्रूकच्या बाजूने, रेल्वेने येतो. बदलली नाही ती एक गोष्ट: नदीचं अरुंद, अवघड तोंड, आणि त्यातून आत येणारी रिकामी जहाजं. कोळसा न्यायला येणारं जहाज आणणार काय? सव्वादोनशे वर्षांत या शहरात जे जे घडलं, त्यातलं बरंचसं या रिकामेपणाच्या धाग्याला धरून समजतं.

निक्किन आणि कैदी

इथल्या मूळनिवासी अवाबाकल लोकांना हा काळा दगड आधीपासून ठाऊक होता. त्यांच्या भाषेत कोळशाला ‘निक्किन’ म्हणतात, आणि शहराच्या जागेचं त्यांचं नाव मुलूबिन्बा. नदीच्या उत्तरेला वोरिमी लोकांचा प्रदेश. हे शब्द आज आपल्याला माहीत आहेत, त्याचं मोठं श्रेय बिराबान या अवाबाकल विद्वानाला जातं. त्याने मिशनरी लान्सलॉट थ्रेलकेल्डला आपली भाषा शिकवली आणि १८३४मध्ये तिचं व्याकरण छापलं गेलं.

सप्टेंबर १७९७मध्ये काही कैदी ‘कम्बरलँड’ नावाची सरकारी बोट पळवून पसार झाले. त्यांच्या मागावर निघालेल्या लेफ्टनंट जॉन शॉर्टलंडला कैदी सापडले नाहीत, पण हे नदीमुख आणि तिथला कोळसा सापडला. नदीला त्याने गव्हर्नर जॉन हंटर यांचं नाव दिलं. दोनच वर्षांत, १७९९मध्ये, इथला कोळसा जहाजाने बंगालला गेला. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवरून झालेली ही पहिली माल-निर्यात मानली जाते. त्या काळी सिडनीच्या वसाहतीला कलकत्त्याहून धान्य, कापड, दारू येत असे आणि परतीला देण्यासारखं वसाहतीकडे फारसं काही नसे. कोळशाने ती जागा भरली. म्हणजे या शहराचं पहिलं गिऱ्हाईक भारत.

१८०१मध्ये वस्ती करण्याचा एक प्रयत्न फसला. मार्च १८०४मध्ये सिडनीजवळ कॅसल हिल इथे आयरिश कैद्यांनी बंड केलं. ते मोडल्यावर त्यातल्या अनेकांना इथे धाडण्यात आलं आणि वस्ती कायमची झाली. हद्दपारीत असताना पुन्हा गुन्हा केला, त्यांची ही जागा. कामं तीन: कोळसा खणणं, ‘रेड सीडर’ची झाडं तोडणं आणि चुना भाजणं. यातलं सर्वांत वाईट काम चुन्याचं. किनाऱ्यावरचे कालवांच्या शिंपल्यांचे ढीग भाजले की कळीचा चुना तयार होतो. तो टोपल्यांतून पाठीवर घेऊन, पाण्यात उतरून, होडीत भरायचा. कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो तापतो, उकळतो. ओल्या पाठीवर चुना सांडला की कातडी भाजायची, आणि त्या पाठीवर आधीच चाबकाचे वळ असायचे.

त्या काळातली दोन कामं आजही वापरात आहेत. खडकात खोदलेला ‘बोगी होल’ हा समुद्रस्नानाचा हौद कमांडंट मेजर मॉरिसेट यांनी १८१९च्या सुमारास कैद्यांकडून स्वतःसाठी खोदवून घेतला. आज त्यात कोणीही उतरतं. दुसरं काम नदीच्या तोंडाशी आहे. त्याकडे पुढे येतोच.

पायाखालची पोकळी

१८२०च्या दशकात कैद्यांची वस्ती पोर्ट मॅक्वारीला हलली आणि कोळशाचा ताबा ऑस्ट्रेलियन ॲग्रिकल्चरल कंपनीकडे गेला. नावात शेती, पण न्यूकॅसलात तिची मक्तेदारी कोळशाची. १८३१मध्ये तिने खाणीपासून धक्क्यापर्यंत उतारावरची लोखंडी वाट टाकली. भरलेला डबा स्वतःच्या वजनाने खाली जाई आणि रिकाम्या डब्याला दोराने वर ओढी. ऑस्ट्रेलियातली ही पहिली रेल्वे समजली जाते. मक्तेदारी १८४७मध्ये संपली आणि मग खाणींचं पेव फुटलं.

प्रत्येक खाणीभोवती एक गाव उभं राहिलं. वॉल्सएंड, लॅम्बटन, जेस्मंड, स्टॉक्टन ही नावं थेट उत्तर इंग्लंडच्या कोळसापट्ट्यातून आली. खाणकामगार तिथूनच आले, सोबत आपली चॅपेलं, बँडपथकं आणि संघटना घेऊन आले. आजचं शहर म्हणजे एकमेकांना चिकटलेली ही गावं. त्यामुळे त्याला मुंबईसारखा एकच गाभा नाही. ठिकठिकाणी छोटे बाजाररस्ते, छोटी सभागृहं, कामगारांचे क्लब. हंटर खोऱ्यातला खाणकामगार संघटित आणि हट्टी म्हणून ओळखला जाई, आणि त्याची किंमतही त्याने मोजली. मालकांनी मजुरी कापण्यासाठी टाळेबंदी केली असताना, १६ डिसेंबर १९२९ रोजी, रॉथबरीच्या खाणीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि नॉर्मन ब्राउन हा तरुण खाणकामगार मारला गेला.

खणण्याची पद्धत इथे समजून घ्यायला हवी, कारण शहर अजून तिचं व्याज फेडतं आहे. सगळा थर एकदम काढला तर छत कोसळतं. म्हणून एकमेकांना छेदणारे बोगदे खणायचे आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. आपल्या खाणींतही ही पद्धत ‘बोर्ड अँड पिलर’ म्हणूनच ओळखली जाते. खाण संपत आली की मागे सरकत सरकत ते खांबही जमेल तेवढे काढून घेत. जिथे छत लगेच बसलं, तिथे प्रश्न मिटला. जिथे बारीक खांब उभे राहिले, तिथे पाणी भरतं, खांबांचे कडे सुटत राहतात आणि शंभर वर्षांनीही वरची जमीन खचू शकते.

म्हणून न्यूकॅसलच्या मध्यवस्तीत उंच इमारत बांधायची, तर आधी जुने नकाशे काढून खाली कोणता थर कितपत खणला आहे ते पाहावं लागतं. नकाशे नेहमी पुरे किंवा बरोबर नसतात, त्यामुळे भोकं पाडून खात्री करतात. पोकळी सापडली तर त्याच भोकांतून सिमेंट आणि औष्णिक केंद्रातल्या राखेचं पातळ मिश्रण आत सोडून ती भरतात. नेमकी किती पोकळी भरावी लागेल हे काम सुरू होईपर्यंत पक्कं कळत नाही, आणि याच एका अनिश्चिततेपायी कित्येक प्रकल्प रखडत. शेवटी सरकारने मध्यवस्तीसाठी वेगळा निधी ठेवला: ठरलेल्या मर्यादेच्या वरचा खर्च त्यातून. राज्यात जमीन खचण्याच्या भरपाईसाठी स्वतंत्र यंत्रणा तर १९२८पासूनच आहे.

२८ डिसेंबर १९८९ला सकाळी १० वाजून २७ मिनिटांनी झालेला भूकंप वेगळा. त्याची तीव्रता ५.६, म्हणजे जगाच्या हिशेबाने मध्यम. तरी १३ माणसं गेली. त्यांतली ९ एकट्या वर्कर्स क्लबच्या इमारतीत. एवढी पडझड का झाली? दोन कारणं ठळक. शहराचा सखल भाग नदीच्या मऊ गाळावर उभा आहे आणि अशी माती हादरा वाढवते. दुसरं, घरांच्या बाहेरच्या भिंती दुहेरी विटांच्या: मधे पोकळी, आणि दोन पदरांना धरून ठेवणाऱ्या बारीक लोखंडी तारा. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्या तारा आतल्या आत गंजून गेल्या होत्या. बाहेरून भिंत ठणठणीत दिसे. हादरा बसताच बाहेरचा पदर रस्त्यावर कोसळला. किनाऱ्यालगत दुहेरी भिंत बांधणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

नदीचं तोंड

हंटरच्या मुखाशी दक्षिणेला नॉबीज नावाचं खडकाळ बेट होतं, उत्तरेला ‘ऑयस्टर बँक’ ही वाळूची उथळ पट्टी, आणि या दोहोंमधून वाट. शिडाची जहाजं नॉबीजच्या आडोशाला आली की वारा अचानक पडे, शिडं लोंबत आणि प्रवाह जहाजाला वाळूकडे लोटी. १८१८मध्ये कैद्यांकडून किनारा आणि नॉबीज यांना जोडणारी दगडी भिंत बांधायला सुरुवात झाली; ती पुरी व्हायला १८४६ उजाडलं. वारा अडू नये म्हणून नॉबीजचा माथाही कापून बसका केला. त्यावर १८५८मध्ये दीपगृह उभं राहिलं.

तरीही जहाजं बुडत राहिली. १२ जुलै १८६६ला वादळातून आसऱ्याला आत शिरू पाहणारी ‘कवारा’ ही आगबोट ऑयस्टर बँकेवर आदळली. ६० माणसं गेली, एकच वाचला. पुढे उत्तरेकडची भिंत बांधताना बुडालेल्या जहाजांचे सांगाडेच तिच्या पायात धरले. स्टॉक्टनच्या बाजूने त्या भिंतीवर चालत गेलं, की १९०४मध्ये रुतलेल्या ‘अडॉल्फ’ या फ्रेंच शिडाच्या जहाजाचा गंजका सांगाडा दगडांतून वर आलेला अजून दिसतो.

रिकाम्या जहाजाची गोष्ट इथे सुरू होते. रिकामं जहाज पाण्यावर हलकं, उंच तरंगतं आणि वाऱ्याने कलंडतं. त्याला खाली धरायला पोटात वजन लागतं. त्याला खलाशी बॅलास्ट म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हे वजन दगड-मातीचं असे. सॅन फ्रान्सिस्को, वालपरायझो अशा दूरच्या बंदरांना कोळसा पोचवून जहाजं तिथले दगड पोटात घेऊन परत येत. ते नदीत टाकले तर वाट बुजणार, म्हणून ठरलेल्या जागीच उतरवावे लागत. कॅरिंग्टनचा ‘डाइक’ हा लांबलचक धक्का आणि स्टॉक्टनच्या किनाऱ्याचा एक भाग या दगडांनीच भरून काढला. शहराची काही जमीन अशी खरोखर परदेशाहून आलेली आहे.

दोन्ही भिंतींनी आणि सतत गाळ काढून खोल ठेवलेल्या वाटेने जहाजं सुखरूप केली, पण किनाऱ्याचं गणित बिघडवलं. या किनाऱ्यावर लाटा वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकवतात. आता ती वाळू नॉबीजपाशी अडते किंवा खोल वाटेत पडते. परिणामी दक्षिणेला नॉबीजची पुळण रुंद झाली आणि उत्तरेला स्टॉक्टनची पुळण उपाशी राहून झिजते आहे. तिथे वादळात रस्ते आणि इमारती धोक्यात येतात. नुसती दगडी बांध घालून हे थांबत नाही, कारण मूळ दुखणं वाळूचा पुरवठा तुटल्याचं आहे. वाळू बाहेरून आणून टाकत राहणं हाच खरा इलाज, आणि तो कधी न संपणारा.

चौऱ्याऐंशी वर्षांचं पोलाद

१९१५मध्ये ब्रोकन हिल प्रोप्रायटरी, म्हणजे बीएचपी, या कंपनीने नदीकाठी पोलाद कारखाना सुरू केला. लोहखनिज दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आयर्न नॉबहून जहाजाने यायचं. खनिजाकडे कोळसा नेण्याऐवजी कोळशाकडे खनिज आणलं, कारण तेव्हाच्या भट्ट्यांना कोळसा फार लागे. या कारखान्यामुळे शहर ‘स्टील सिटी’ झालं. ८ जून १९४२च्या पहाटे जपानी पाणबुडीने शहरावर तोफा डागल्या आणि फोर्ट स्क्रॅचलीच्या तोफांनी उलट उत्तर दिलं.

एप्रिल १९९७मध्ये कारखाना बंद होणार असं जाहीर झालं. बापाने मुलाला लावून द्यावी तशी तिथली नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शहराचा रग्बी लीग संघ, न्यूकॅसल नाइट्स, अंतिम सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत गुण मिळवून मॅन्लीविरुद्ध २२–१६ असा जिंकला. तो दिवस तिथले लोक अजून ज्या जिव्हाळ्याने आठवतात, तो निव्वळ खेळाचा नाही. ३० सप्टेंबर १९९९ला भट्ट्या थंडावल्या. शहर संपेल असं भाकीत अनेकांनी केलं होतं, ते खरं ठरलं नाही. विद्यापीठ आणि मोठी रुग्णालयं होतीच, आणि आज शहरात सर्वाधिक नोकऱ्या आरोग्यसेवेत आहेत.

कोळसा जहाजात चढतो कसा

खोऱ्यातल्या बहुतेक मोठ्या खाणी आता खुल्या आहेत. निघालेला कोळसा आधी धुतात. इथे ‘धुणं’ म्हणजे पाण्याने विसळणं नव्हे. बारीक मॅग्नेटाइट मिसळून पाणी जड करतात; त्यात हलका कोळसा तरंगतो आणि जड दगड बुडतो. म्हणून निर्यातीच्या चांगल्या मालात राख १४-१५ टक्क्यांच्या आसपास राहते. भारतीय कोळशात ती ३० ते ४५ टक्के असते. जपानी वीजकेंद्रं दूरवरून हा माल का मागवतात, त्याचं मुख्य कारण हे.

मग मालगाडी. मोठी गाडी दीड किलोमीटरच्या आसपास लांब, ८०-९० वाघिणींची. भरलेली वाघीण १२० टनांची, त्यात कोळसा शंभर टनांच्या जरा आत. एका गाडीत साधारण ८,५०० टन धरले, तर १५ कोटी टनांसाठी दिवसाला जवळपास ४८ गाड्या लागतात, वर्षाचे सगळे दिवस. बंदरात गाडी थांबत नाही. चालत्या माणसापेक्षाही हळू सरकत ती खड्ड्यावरून जाते, वाघिणींची तळाची दारं आपोआप उघडतात, माल खाली पडतो आणि दारं पुन्हा मिटतात.

न्यूकॅसलात कोळशाचे तीन तळ आहेत: पोर्ट वराटाह या कंपनीचे कॅरिंग्टन आणि कूरागांग हे दोन, आणि २०१०मध्ये सुरू झालेला एनसीआयजी या कंपनीचा तिसरा. खड्ड्यातून सरकत्या पट्ट्यांवरून माल मैदानात येतो आणि स्टॅकर नावाचं यंत्र त्याचे लांब ढीग रचतं. ढीग एकाच खाणीचा असतो असं नाही. गिऱ्हाइकाला हवा तो उष्मांक आणि गंधक साधण्यासाठी दोन-तीन खाणींचा माल ठरलेल्या प्रमाणात मिसळतात.

इथे तीन गोष्टी बिघडतात. कोळसा फार कोरडा झाला तर धूळ उडते. कॅरिंग्टन, मेफील्ड, टाइज हिल या वस्त्या अगदी शेजारी आहेत आणि खिडकीच्या कठड्यावरची काळी पूड हा तिथला रोजचा, रास्त त्रागा आहे. म्हणून ढिगांवर पाण्याचे फवारे सोडतात. पण पाणी जास्त झालं तर माल चिकट होतो, पट्ट्यांच्या जोडावरच्या नळकांड्यांत तुंबतो; आणि जहाजात फारच ओला बारीक माल गेला तर लाटांच्या हादऱ्यांनी तो चिखलासारखा वाहून जहाज कलंडू शकतो. त्यामुळे ओलाव्याला खालची आणि वरची, दोन्ही मर्यादा असतात: एक धुळीसाठी, एक जहाजाच्या सुरक्षिततेसाठी. तिसरी गोष्ट आगीची. कोळसा हवेतला प्राणवायू घेत आतल्या आत तापतो, म्हणून ढीग फार दिवस पडू देत नाहीत.

जहाज धक्क्याला लागतं तेव्हा त्याच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरलेलं असतं. जुन्या दगडांची जागा आता या पाण्याने घेतली आहे. कोळसा चढत जातो तसं पाणी बाहेर काढायचं. कूरागांगची भरणी यंत्रं ताशी १०,५०० टनांपर्यंत कोळसा टाकू शकतात. या हिशेबाने ९०,००० टनांचं जहाज नऊ तासांच्या आत भरायला हवं, पण प्रत्यक्षात बराच जास्त वेळ जातो. कारण एक कप्पा एकदम भरून टाकला तर तिथे वजन, शेजारी पोकळी, आणि लांबलचक सांगाडा वाकतो. म्हणून कप्प्यांचा क्रम आधी लिहून ठरवतात: पहिल्या फेरीत या कप्प्यात इतके टन, मग त्या कप्प्यात, मग परत. जहाजाचे पंप पाणी तेवढ्या वेगाने काढू शकले नाहीत, तर भरणी थांबवावी लागते. बहुतेक खोळंबा पंपांपायी होतो, यंत्रांपायी नाही.

किती कोळसा चढला हे पट्ट्यावरच्या काट्याने कळतं, पण जहाजाचा हिशेब पाण्याच्या रेषेवरून पडताळतात. पुढे, मधे, मागे, दोन्ही बाजूंना मिळून सहा ठिकाणी अंगावर रंगवलेले आकडे वाचायचे, पाण्याची घनता मोजायची, उरलेलं पाणी-इंधन वजा करायचं. पाऊस पडून नदीचं गोडं पाणी आत आलं असेल तर घनता बदलते. ती मोजायची राहिली, तर शेकडो टनांचा फरक पडतो.

बाहेर पडायची वाट १५.२ मीटर खोल राखलेली आहे आणि भरती-ओहोटीतला फरक फार तर दोन मीटर. त्यामुळे खोल भरलेली जहाजं भरतीची वेळ धरूनच सुटतात. वाट दाखवणारा पायलट बहुधा हेलिकॉप्टरने उतरवतात, कारण मुखाबाहेरच्या लाटांत होडीवरून दोरशिडी पकडणं धोक्याचं.

रांग, आणि लालबुंद पोट किनाऱ्यावर

२००७मध्ये न्यूकॅसलच्या बाहेर पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त जहाजं नांगरून उभी असत. खाणींनी विकलेला माल रेल्वे आणि तळ वाहू शकतील त्याहून जास्त होता, आणि पहिला येईल त्याला पहिला नंबर. मग जो तो आपलं जहाज घाईने पाठवून रांगेत उभं करी. जहाज खोळंबलं की दिवसाला हजारो डॉलरचं डेमरेज, म्हणजे खोळंब्याचा दंड.

या रांगेतली जहाजं अर्थातच रिकामी होती. मे-जूनच्या सुमारास या किनाऱ्याजवळ अचानक खोल कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि वारा-लाटा थेट किनाऱ्याकडे लोटतात. मे १९७४मध्ये ‘सिग्ना’ हे नॉर्वेचं जहाज असंच कोळशाची वाट पाहत असताना स्टॉक्टनच्या पुळणीवर जाऊन दुभंगलं होतं. त्याचा मागचा भाग २०१६पर्यंत तिथे उभा होता. ८ जून २००७ला ‘पाशा बल्कर’ची पाळी आली. २२५ मीटर लांबीचं हे जहाज सकाळी दहाच्या आत नॉबीजच्या पुळणीवर, भर शहरासमोर, आडवं येऊन बसलं. खलाशांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचललं. २ जुलैला जहाज पुन्हा तरंगलं.

चौकशीत निघालेली कारणं साधी आहेत, म्हणूनच महत्त्वाची. वादळाआधी एका कप्प्यात समुद्राचं पाणी भरून जहाज जास्त खाली बसवायला हवं होतं. ते केलं नव्हतं. हलकं जहाज वाऱ्याला शिडासारखं सापडतं आणि पाण्याबाहेर अर्धवट उघडा राहिलेला जहाजाचा पंखा (प्रोपेलर) पाणी धरत नाही. नांगर उचलायला उशीर झाला. रांगेतल्या काही कप्तानांची समजूत अशी, की निघायची वेळ आली की बंदर आपल्याला सांगेल. पण नांगर उचलायचा निर्णय कप्तानाचा असतो.

त्यानंतर खरा बदल झाला तो कागदावर. २००९मध्ये सगळ्या साखळीचं एकत्र वेळापत्रक लावणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. खाणींनी तळाची क्षमता दीर्घ मुदतीने घ्यायची आणि वापरली नाही तरी पैसे द्यायचे, असे करार आले. जहाजांना लवकर येण्याचा फायदा उरला नाही. पोचायची वेळ आधीच कळते आणि ती खोल समुद्रात वेग कमी ठेवून येतात. इंधन वाचतं, किनाऱ्यासमोरची गर्दीही ओसरली.

पुढे

चौथा कोळसा तळ बांधायला २०१५मध्ये परवानगी मिळाली होती. २०१८मध्ये तो बेत सोडून दिला. नोव्हेंबर २०२३मध्ये नव्या कोळसा प्रकल्पांविरोधात शेकडो लोक छोट्या होड्या घेऊन बंदराच्या वाटेत उतरले आणि शंभरावर लोकांना अटक झाली. त्यांत ९७ वर्षांचे एक धर्मगुरू होते. खोऱ्यातलं लिडेल औष्णिक केंद्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंद झालं. बंदराला कंटेनरचा धंदा हवा आहे, पण बंदरं भाड्याने देताना सरकारने सिडनीच्या बाजूने घातलेल्या अटींनी तो वर्षानुवर्षं अडवला. वाट मोकळी करणारा कायदा २०२२मध्ये आला. तरी मालाच्या वजनाने पाहिलं तर बंदराचा नव्वद टक्क्यांहून अधिक धंदा अजून कोळशाचाच. ते एका दशकात बदलेल असं मानणं घाईचं. तसंच ते कधीच बदलणार नाही असं खाणगावच्या तरुणांना सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. गिऱ्हाईक देशांनी कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याची आपापली मुदत जाहीर केलेली आहे.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर भरतीच्या तासभर आधी नॉबीजच्या भिंतीवर जावं. आत येणाऱ्या जहाजाचा तळाचा लाल रंग पाण्यावर कितीतरी मीटर उघडा असतो आणि मागे पंख्याचं टोक पाणी फोडत असतं. बाहेर जाणाऱ्या जहाजाचा लाल पट्टा दिसत नाही, काळं किंवा निळं अंग थेट पाण्यात बुडालेलं असतं आणि ते इतक्या सावकाश सरकतं, की दीपगृहाशी ताडून पाहिल्याशिवाय हलतंय हे कळत नाही.